कास बघितली, कूस नाही. 1,01,440 रुपयांना बुडालो

गाय 86,500. टेम्पो 3,200. औषधपाणी 11,740. दुसऱ्या वेताची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) जातीची, खाली कालवड. एक्केचाळिसाव्या दिवशी गोठ्यात मेली. व्यापाऱ्याची बोलणी सांगत बसत नाही, "उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय, आजच इसार द्या" हे सगळ्यांनीच ऐकलेलं असतं.

मी नवखा नाही. वीस वर्षं जनावरं सांभाळतोय. दात, खूर, सडं बघितली, धार स्वतः काढली. पण तीन तासांत ती एकदाही रवंथ करताना दिसली नाही. "उन्हानं," व्यापारी म्हणाला. डावी कूस, म्हणजे पोटाची बाजू, तटतटलेली, नाकपुड्या फेंदारलेल्या, आणि दावणीशी गोडेतेलाची रिकामी बाटली. पोटफुगीला तेल पाजतात हे मला ठाऊक नाही? तरी नोटा मोजत होतो.

पुढं दर चार दिवसांनी फुगायची. नळी घालायची, गॅस काढायचा, परत तेच. शेवटी तोंडानं श्वास घ्यायला लागली. गाय मेली तर घाईनं पुरू नका, आधी शवविच्छेदन करून घ्या. आमच्या डॉक्टरांनी श्वासपटलाचा, म्हणजे छाती-पोटामधल्या स्नायूच्या पडद्याचा, तुकडा फॉर्मॅलिनमध्ये घालून तपासायला पाठवला. मायक्रोस्कोपखाली निरोगी स्नायूचे तंतू साधारण एका मापाचे, केंद्रकं कडेला. हिचे काही फुगलेले, काही आक्रसलेले, केंद्रकं मधोमध, कितीतरी तंतूंच्या आत वेगळाच गाभा. मांडीचा तुकडा मात्र ठीक. म्हणून तर एवढी दिमाखात चालत होती! रिपोर्ट म्हणतो, श्वासपटलाच्या अनुवंशिक विकाराशी जुळणारे बदल. आईबाप दिसायला धडधाकट असतात. दोघांकडून दोष आला की आजार वासरात उतरतो.

मूळ मालक शोधला. त्यानं व्यापाऱ्याला पोटफुगी सांगूनच 22,000 ला दिलेली. तिची सख्खी बहीणही अशीच फुगून गेली होती. हे इसाराआधी विचारायला हवं होतं, आणि व्यापाऱ्याला नव्हे, मालकालाच.

पोलीस म्हणाले, दिवाणी मामला. बाजार समिती म्हणाली, व्यवहार आवाराबाहेरचा. विमावाले तर कमालच, जन्मजात आजार म्हणजे आधीचाच आजार, दावा नामंजूर! मग हप्ता घेताना तपासलं काय, कानातला बिल्ला? पावतीही साध्या चिठोऱ्यावर, त्यावर "गाय 1 नग". मला लाज वाटते, पण लिहितोय. एक रात्र जनावरापाशी काढा, चारा टाकल्यापासून रवंथ होईपर्यंत.

कालवड अजून माझ्याकडे आहे. दिसायला ठणठणीत, पण आईचा दोष तिच्यात असणारच. काल एक दलाल बघून गेला. त्याला सगळं सांगितलं. म्हणाला, "हे दुसऱ्या कुणाला बोलू नका, 15,000 देतो."