तासावर, उक्तं की महिन्याला? छोट्या आयटी धंद्यात रेट कसा लावायचा

मी तिन्ही पद्धती करून बघितल्यात आणि माझ्या मते मुद्दा एकच आहे, काम अंदाजापेक्षा लांबलं तर तो वेळ कोणाच्या खिशातून जाणार? तासावर घेतलं तर कस्टमरच्या, उक्तं घेतलं तर तुमच्या, आणि महिन्याच्या कॉन्ट्रॅक्टमधे कागदावर काय लिहिलंय त्यावर.

तासाचा रेट सोपा वाटतो पण भागाकार इथेच चुकतो. आठवड्याचे ४० तास धरले तर वर्षाचे २०८० होतात, पण सुट्ट्या, आजारपण, कोटेशन बनवणं, फोनवरची बोलणी, अडकलेल्या पेमेंटच्या मागे लागणं, यात भरपूर जातात, एकट्या माणसाने १२०० तासांचं बिल केलं तरी खूप झालं. त्यामुळे वर्षाला हवी असलेली कमाई अधिक खर्च याला १२०० ने भागा. २०८० ने भागलात तर रेट ४२ टक्के कमी लागतो आणि वर्षभर राबूनही पैसे का उरत नाहीत ते कळत नाही.

तासाचा अजून एक तोटा म्हणजे हात जितका बसतो तितकी कमाई घटते. एकदा एका ऑफिसचे मेल येणं बंद झालेलं, डोमेनचं एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठल्या सर्व्हरवर पाठवायचे ते सांगणारी नोंद) चुकलेलं, मी बघितलं आणि दहा मिनिटात सरळ केलं. बिल बघून समोरचा म्हणाला, दहा मिनिटांचे एवढे? राग आला पण त्याचंही बरोबरच होतं, कारण मी त्याला वेळच विकत होतो. तेव्हापासून कमीत कमी १ तास हे आधीच सांगतो.

उक्तं काम कस्टमरला आवडतं, आकडा एकदा कळला की तो निवांत. जे काम तुम्ही पाच-दहा वेळा केलंय तिथे उक्तंच घ्या, तुमच्या स्पीडचा फायदा तुम्हालाच मिळतो. जुना डेटा हलवायचं काम मात्र न बघता उक्तं घेऊ नका, कळकळीने सांगतो. मी १२ मेलबॉक्स हलवायचं काम असंच घेतलेलं, त्यातल्या एका कॉम्प्युटरवर आउटलुकची पीएसटी फाइल (मेल साठवून ठेवणारी) ५० जीबीच्या लिमिटला टेकलेली आणि वर करप्ट, ती रिपेअर करण्यात दोन रात्री गेल्या आणि सगळा नफा तिथेच संपला. आता आधी तपासणी करतो, तिचे वेगळे पैसे घेतो, मगच आकडा देतो.

आगाऊ तासांचं पॅकेज हा तासाचाच भाऊ, फक्त पैसे आधी हातात येतात. मुदत लिहून ठेवा, बस.

महिन्याचं कॉन्ट्रॅक्ट मला सगळ्यात पटतं. तासावर असताना त्यांचं काहीतरी बिघडलं तरच तुम्हाला पैसे, इथे काही बिघडलं नाही तर तुमचा फायदा, म्हणून अपडेट आणि बॅकअपची तपासणी तुम्ही मनापासून करता. मशीनवर रेट की माणसावर? एकेकाकडे लॅपटॉप, फोन, टॅब असं सगळं असेल तर माणसावर लावा. एकच मशीन तीन शिफ्टमधे वापरत असतील तर मशीनवर. अँटिव्हायरस आणि बॅकअपची लायसन्स वेगळी दाखवा, त्यांचे भाव वाढले की तुमच्या मार्जिनमधून जायला नको.

आणि काय धरलेलं नाही ते लिहा! विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्यांनी नुसतं 'सगळं आलं' असं लिहून दिलेलं त्यांच्यावर २० मशीनचं अपग्रेड फुकटात करायची वेळ येऊ शकते, मशीनला २ तास धरले तरी ४० तास, म्हणजे एका माणसाचा पूर्ण आठवडा. शिवाय विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसलेली जुनी मशीन बहुतेकदा बदलावी लागतात तो घोळ वेगळाच.

नवीन कस्टमर असेल तर मी पहिले तीन महिने तासावरच घेतो, त्यांचं नेटवर्क आणि माणसं दोन्ही कळतात, मग तेच तास बघून महिन्याचा आकडा ठरवतो. आणि कॉन्ट्रॅक्ट झालं तरी तास लिहिणं सोडत नाही, रिन्यूअलच्या वेळी रेट वाढवायचा असेल तर तोच कागद समोर ठेवता येतो.