बारा जूनचा चेक

माझे साडेतीन लाख बुडाले तेव्हा चेक माझ्याच कपाटात होता. सही खरी, खातं खरं, रक्कमही बरोबर लिहिलेली. मी तो वेळेत बँकेत टाकला नाही आणि का टाकला नाही, तेच सांगण्यासाठी हे लिहिते आहे. आमच्या सिंधुदुर्गात दर दोन वाड्यांमागे एक काजूचं युनिट निघतंय. त्यातल्या निम्म्या बायका माझ्याच जागी उभ्या असतील.

वेंगुर्ल्याजवळ आमचं घर. मागच्या पडवीत बी उकडायचा छोटा बॉयलर, चार कटर, एक ड्रायर. मी, माझी जाऊ आणि वाडीतल्या चौघी. उद्यम नोंदणी केलेली (छोट्या उद्योगाची सरकारी नोंद; ती फुकट होते, कोणी पैसे मागितले तर देऊ नका), अन्नपरवान्याची नोंदणीही होती. दोन वर्षं आजूबाजूची दुकानं आणि मुंबईहून येणारे चाकरमानी यांच्यावर बरं चाललं होतं. २०२३ च्या मार्चमध्ये घाटावरचा एक व्यापारी आला.

माणूस काजूतला होता, हे मान्यच करावं लागेल. ट्रेमधला एक गर उचलून त्याने नखाने दोन पाकळ्या केल्या, आतला कोंब बघितला, एक पाकळी दाताखाली घेतली आणि म्हणाला, "ताई, ड्रायरला अजून तासभर द्या. मऊ आहे, डब्यात वास धरेल." खरंच मऊ होता. त्या एका वाक्याने मी अर्धी विकली गेले. फसवणारा गुळगुळीत बोलतो असं आपण समजतो. हा तर चुका काढत होता.

पहिली ऑर्डर २५ किलोची. डबे टेम्पोत चढायच्या आधी फोनवर पैसे आले. एप्रिलमध्ये ६० किलो. निम्मे रोख, उरलेले आठव्या दिवशी म्हणाला आणि सातव्या दिवशी दिले. वर माझ्या मुलीच्या दहावीच्या परीक्षेची चौकशी. आता हिशोब मांडला की कळतं, त्या दोन ऑर्डरींचे साठएक हजार ही त्याची गुंतवणूक होती. त्याने माझा काजू नव्हे, माझा भरवसा विकत घेतला, आणि तोही स्वस्तात.

मे महिन्यात त्याने ५०० किलो मागितले. बहुतेक ३२० नंबर (अख्ख्या गराची एक प्रत), थोडी पाकळी, सरासरी ७०० रुपये किलो. आमच्याकडे चार किलो बीमागे साधारण एक किलो गर पडतो, म्हणजे दोन टन बी लागणार होती. ती मी सोन्यावर कर्ज काढून घेतली. चौघींच्या जागी अकरा बायका झाल्या. सातजणी नवीन, त्यातल्या तिघी तर शेजारच्या युनिटमधलं हातातलं काम सोडून माझ्याकडे आल्या. याचं मला आजही जास्त वाईट वाटतं. बीच्या टरफलातलं तेल लागून बोटांची सालं जातात. काम सुरू करण्याआधी खोबरेल चोपडून, राख लावून बसायचं, आणि तरी आठ दिवसांनी बोटं काळी पडतात. त्या बोटांचे पैसे मी एका गिऱ्हाइकाच्या भरवशावर कबूल केले होते.

माल चार खेपांत गेला. दर खेपेला दहा किलोचे १२ नाही तर १३ डबे. एकदम का नेत नाही, असं मी विचारलं. तो म्हणाला, "लाखाच्या आत असलं की ई-वे बिलाची कटकट नाही, ताई." ई-वे बिल म्हणजे माल वाहून नेताना सरकारी पोर्टलवर काढायचा कागद. मला तो शहाणपणा वाटला. खरी गोष्ट अशी की पूर्ण साडेतीन लाखांचा माल त्याला पोचला, असं दाखवणारा एकही कागद त्यामुळे तयार झाला नाही. बिल "शेवटी एकच करू" असं ठरलं होतं. पोच म्हणून टेम्पोवाल्याची सही, तीही दोनच खेपांना.

शेवटची खेप नेताना त्याने १२ जूनची तारीख घातलेला साडेतीन लाखांचा चेक दिला. पाऊस सुरू झालेला, मीही निश्चिंत.

मग फोन सुरू झाले. "ताई, या आठवड्यात टाकू नका, पार्टीचं पेमेंट अडकलंय. उगाच परत गेला तर तुमचंही नाव खराब आणि माझंही." जुलैत आई आजारी. ऑगस्टमध्ये रक्षाबंधनाला फोन करून म्हणाला, चतुर्थीच्या आत रोख घेऊन स्वतः येतो. पैसे देणार नाही असं तो एकदाही म्हणाला नाही. फक्त तारीख पुढे ढकलत राहिला. मधल्या काळात मी दर आठवड्याची मजुरी बंद करून "एकदम देते" म्हणायला लागले होते, म्हणजे त्याचंच वाक्य मी पुढे बायकांना देत होते.

घरात कुरकुर झाली तेव्हा सासरे म्हणाले, घाई नको, चेक सहा महिने चालतो. त्यांच्या नोकरीच्या काळात चालायचा. १ एप्रिल २०१२ पासून तो तीनच महिने चालतो. हे आम्हाला घरात कोणालाच ठाऊक नव्हतं, त्याला मात्र नक्की ठाऊक होतं.

चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. त्याच्या आधीच्या शुक्रवारी, १५ तारखेला, आमची सगळ्यात जुनी कामवाली उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "वयनी, चतुर्थीक पैशे गावतले मा?" मी तशीच उठले आणि चेक घेऊन बँकेत गेले. काउंटरवरच्या मुलीने आधी तारीख बघितली, मग भिंतीवरचं कॅलेंडर, मग माझ्याकडे. तीन दिवस उशीर झाला होता.

वकिलांनी नंतर समजावलं. चेक मुदतीत टाकला असता आणि पैसे नाहीत म्हणून परत आला असता, तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, पुढे त्याला १५ दिवस, आणि तरी दिले नाहीत तर महिन्याभरात चेक न वटल्याबद्दलच्या कलम १३८ खाली कोर्टात तक्रार करता आली असती. मुदत संपलेल्या चेकवर ते दार बंद. उरला तो साधा वसुलीचा दावा, तीन वर्षांच्या आत घालायचा. पोलीस ठाण्यात तर "हा दिवाणी मामला" एवढंच उत्तर मिळालं. म्हणजे "आता टाकू नका" म्हणून तो जो वेळ मागत होता, तो पैसे जमवायला नव्हताच.

भाऊ त्याच्या पत्त्यावर जाऊन आला. गाळ्याला कुलूप. शेजारचा दुकानदार म्हणाला, "काजूवाले का? तुम्ही चौथे." त्याच्या कार्डावरचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकून बघितला, तर आमच्या पहिल्या व्यवहाराच्याही आधीच नोंदणी रद्द झालेली. हे बघायला एक मिनिट लागतं, पैसे लागत नाहीत, लॉगिनही लागत नाही. मार्चमध्ये त्याने गराची पाकळी केली तेव्हाच मी ते बघायला हवं होतं. तो माझा माल तपासत होता, मी त्याला चहा करत होते.

बायकांचे पैसे मी माझ्या पाटल्या विकून चतुर्थीच्या आदल्या दिवशी दिले. हरतालिकेचा उपास होता. अकराजणी पडवीत बसल्या होत्या आणि कोणी फारसं बोललं नाही. नंतर सातजणींपैकी दोघीच परत आल्या. जुन्या युनिटने त्या तिघींना परत घेतलं, एवढंच समाधान.

उद्यम नोंदणी होती म्हणून सरकारच्या 'समाधान' पोर्टलवर तक्रार घालता आली. आपल्यासारख्या उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, असं छोट्या उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा सांगतो. पण तिथेही पहिला प्रश्न, बिल कुठे? माझ्याकडे होता व्हॉट्सॲपवरचा त्याचा एक मेसेज, "५० डबे मिळाले, माल छान." आजवर तेवढ्यावरच प्रकरण उभं आहे. तक्रार घातल्यावर महिन्याभरात "फाइल पुढे सरकवून देतो" म्हणणाऱ्या दुसऱ्या एकाचा फोन आला. त्याला मात्र चहा मिळाला नाही.

आता दर खेपेचं बिल त्याच दिवशी होतं आणि त्याच्या प्रतीवर माल घेणाऱ्याची सही लागते. एका गिऱ्हाइकाला हंगामाच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त माल देत नाही. मजुरी शनिवारची शनिवारी, मग विक्री होवो न होवो. नवीन बाई घ्यायची तर तिची दोन महिन्यांची मजुरी आधी खात्यात असली पाहिजे. त्यामुळे कामाला अजून सहाजणीच आहेत.

मागच्या हंगामात एकजण २०० किलो मागायला आला. निम्मे आगाऊ म्हटल्यावर त्याने खिशातून चेकबुक काढलं. साल काढत बसलेल्या आमच्या जुन्या बाईने मानही वर केली नाही. "वयनी," ती म्हणाली, "तारीख वाच आदी."