स्नायुसंस्थेचा तक्ता आणि संज्ञाकार्डे: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मागील जुलैमध्ये ८५० रुपये देऊन मी स्नायुसंस्थेच्या वैद्यकीय संज्ञांचा मराठी संच ऑनलाइन मागवला. संचात भिंतीवर लावायचा तक्ता आणि १२० संज्ञाकार्डे येतात. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका उपकेंद्रात आरोग्य सेविका आहे आणि माझी मुलगी जीएनएम या परिचर्येच्या (नर्सिंगच्या) अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला शिकते. तक्ता उपकेंद्राच्या भिंतीवर लागेल, १२० कार्डे तिच्या अभ्यासाला होतील आणि एका खर्चात दोन कामे भागतील, असा माझा हिशेब होता. डिसेंबरपर्यंत मी समाधानी होते.

डिसेंबरमध्ये गावातील एक काका विहिरीच्या पायरीवरून घसरले. तालुक्याच्या डॉक्टरांनी गुडघ्याचे लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी जोडणारा बंध, फाटल्याचे कागदावर लिहून दिले. तो कागद घेऊन ते उपकेंद्रात आले, तेव्हा मी लसीकरणाच्या सत्राला बाहेर गेले होते. आशाताईंनी तक्त्याच्या कोपऱ्यातील गुडघ्याचे चित्र पाहिले. तेथे लिगामेंटसमोर ‘स्नायु’ असे छापले आहे. तेवढ्यावरून त्यांनी काकांना स्नायू फाटल्याचे सांगितले. स्नायूचे दुखणे म्हणजे मालिश, ही आपल्याकडची समजूत जुनी आहे. काकांनी चार दिवस गरम तेलाने गुडघा चोळून घेतला आणि तो दुप्पट सुजला. मी रागावले, तेव्हा ते म्हणाले, “सिस्टर, तक्त्यावर तं स्नायूच लिहेल हाये, मंग चोयलं तं काय बिघडलं?” माझ्याजवळ उत्तर नव्हते, कारण भिंतीवर तसेच लिहिलेले होते.

त्या संध्याकाळी मी संपूर्ण तक्ता नीट वाचला आणि चूक कोठून आली ते लक्षात आले: मजकूर हिंदी तक्त्यावरून घेतलेला होता. हिंदीत मसलला पेशी किंवा मांसपेशी म्हणतात, लिगामेंटला स्नायु म्हणतात आणि सेलला कोशिका म्हणतात. मराठीत मसल म्हणजे स्नायू, लिगामेंट म्हणजे अस्थिबंध आणि सेल म्हणजे पेशी. हिंदीने येथे जुना संस्कृत अर्थ जपला आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ५०० पेशी आणि ९०० स्नायू सांगितले आहेत, तेथेही पेशी म्हणजे मांसाचा भाग आणि स्नायू म्हणजे बांधून ठेवणारे बंध. त्यामुळे हिंदी तक्ता हिंदीत चुकीचा नाही. परंतु तोच मजकूर लिपी एक आहे म्हणून जवळजवळ जसाच्या तसा उचलून ‘मराठी’ म्हणून विकला, तर दहावी झालेल्या कोणत्याही मुलीचा गोंधळ होणारच. या तक्त्यावर दंडाच्या चित्रावर ‘द्विशिर पेशी’ आहे, आणि आपल्या शाळेत पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवतात. खरे तर स्नायु या शब्दातील ऱ्हस्व उकार पाहूनच मला शंका यायला हवी होती, कारण मराठीत स्वतंत्र लिहिताना तो दीर्घ असतो. स्नायुरज्जू, स्नायुसंस्था अशा सामासिक शब्दांतच तो ऱ्हस्व राहतो.

विक्रेत्याला मी चार वेळा फोन केला. पहिल्या दोन वेळा “अर्थ तोच आहे” असे उत्तर मिळाले. तिसऱ्या वेळी तक्ता बदलून देण्याचे मान्य झाले आणि एकोणीस दिवसांनी दुसरा तक्ता आला, तोही तसाच छापलेला. चौथ्या वेळी २०० रुपये परत देतो, तक्रार मागे घ्या, असे सांगण्यात आले. मी ते घेतले नाहीत. मला पैसे नको होते, ‘अस्थिबंध’ हा शब्द हवा होता. ही तक्रार लहान वाटेल; पण ज्याला दवाखान्यापर्यंत जायला एसटीची वाट पाहावी लागते, त्याच्यासाठी भिंतीवरचा शब्द हाच बऱ्याचदा पहिला सल्ला असतो.

एवढे लिहून मी एक तारा देणार होते. परंतु फेब्रुवारीत मुलगी सुट्टीवर आली आणि आम्ही दोघींनी रोज रात्री दहा-दहा कार्डे वाचायला घेतली, तेव्हा माझे मत बदलले. कार्डे वेगळ्याच माणसाने लिहिलेली असावीत. त्यांत स्नायूला स्नायूच म्हटले आहे आणि प्रत्येक लॅटिन किंवा ग्रीक नावाची फोड करून दाखवली आहे.

गॅस्ट्रोक्नेमिअस हे पोटरीच्या स्नायूचे नाव मी प्रशिक्षणात घोकून पाठ केले होते. कार्डाच्या मागे लिहिले आहे की ग्रीकमध्ये गास्टर म्हणजे पोट आणि क्नेमे म्हणजे पाय, अर्थात पायाचे पोट. आपल्या पोटरी या शब्दातही पोटच आहे, आणि कणीस आत धरून फुगलेली ज्वारीही आपण पोटरीत आली असेच म्हणतो. हे वाचल्यावर मुलीला ते नाव पुन्हा पाठ करावे लागले नाही. मसल हा शब्द लॅटिनमधील लहान उंदीर या अर्थाच्या शब्दावरून आला आहे, तर आपण दंड वळवल्यावर वर येते तिला बेटकुळी म्हणतो, म्हणजे लहान बेडकी. कातडीखाली काहीतरी हलते आहे, हे दोन्हीकडच्या माणसांनी पाहिले होते.

व्हास्टस लॅटरॅलिसच्या कार्डाजवळ मी बराच वेळ थांबले. व्हास्टस म्हणजे विशाल, लॅटरॅलिस म्हणजे बाजूचा. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या बाळांना मी सतरा वर्षे याच स्नायूत, मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला, लस देत आले आहे. जागा मला ठाऊक होती. नावच जागा सांगते, हे ठाऊक नव्हते.

सर्वांत उपयोगी कार्ड ‘मायो’ आणि ‘मायेल’ यांतील फरकाचे आहे. मायो म्हणजे स्नायू. मायाल्जिया म्हणजे स्नायूंचे दुखणे. मायेल म्हणजे मज्जा. पोलिओमायलायटिस या नावात मायेल आहे, कारण तो आजार मज्जारज्जूच्या करड्या भागावर घाला घालतो आणि चेतातंतूंकडून आज्ञा न पोहोचल्याने स्नायू लुळा पडतो. भारताला २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले, तरी पंधरा वर्षांखालील मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडल्यास आजही आम्ही लगेच कळवतो. दुखणे स्नायूत दिसते आणि बिघाड दुसरीकडे असतो, हे आशाताईंना समजावताना मला हे एक कार्ड पुरले.

ॲबडक्टर आणि ॲडक्टर या कार्डांवर मात्र उच्चार स्पष्ट हवा होता. अंगापासून दूर नेणारा आणि जवळ आणणारा, इतके विरुद्ध अर्थ एका अक्षराने बदलतात. डॉक्टर म्हणूनच ‘ए-बी-डक्शन’ असे सुटे बोलतात. ही सूचना कार्डावर नाही.

माझ्या हिशेबाने कार्डांना साडेचार तारे आणि तक्त्याला दोन. आता कार्डे वेगळी ४०० रुपयांना मिळतात. तेवढीच घ्यावीत आणि वरचे ४५० रुपये वाचवावेत. ज्यांच्याकडे तक्ता आधीच आहे त्यांनी तो काढून टाकू नये, चित्रे चांगली आहेत. आम्ही पांढऱ्या कागदाच्या ४१ पट्ट्या कापल्या, मुलीने त्यांवर ‘स्नायू’ आणि ‘अस्थिबंध’ असे ठळक लिहिले आणि पारदर्शक टेपने त्या चिकटवल्या. एप्रिलच्या उन्हाने गुडघ्याजवळची पट्टी दोनदा सुटली. दोन्ही वेळा आशाताईंनी ती त्याच दिवशी परत लावली.