आठवीच्या वर्गात फेटचं सर्किट किट

अमळनेर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी विज्ञान शिकवते. आधी आमच्याकडे लोकवर्गणीतून घेतलेलं एका खाजगी कंपनीचं डिजिटल पॅकेज होतं. तीन वर्षांनी परवान्याची मुदत संपली. पडद्यावर 'की' मागणारी चौकट आली आणि कंपनीचा माणूस फोन उचलेना. गावानं कापूस विकून दिलेले पैसे होते ते. त्याचा राग मला अजून आहे, म्हणूनच गेली दोन वर्षं वापरत असलेल्या या गोष्टीबद्दल सविस्तर लिहितेय.

फेट (PhET) म्हणजे अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा प्रकल्प. भौतिकशास्त्राचं २००१ चं नोबेल मिळालेल्या कार्ल वायमन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. विज्ञान-गणिताचे प्रयोग पडद्यावर, हातानं खेळवता येतील असे. पैसे नाहीत, मुदत नाही, आणि श्रेय दिलं की कॉपी करून वाटायची उघड परवानगी. आमच्यासारख्या शाळेला याहून मोठी गोष्ट ही की प्रत्येक प्रयोगाची एकच फाईल उतरवून घेता येते. मी घरी मोबाईलच्या नेटवर उतरवते, पेनड्राइव्हवर टाकते, शाळेत फायरफॉक्स या ब्राउझरमध्ये उघडते. शाळेत नेट लागतच नाही. लाईट गेली की मात्र सगळं बंद, त्याला इलाज इन्व्हर्टरचाच.

मी सगळ्यात जास्त वापरते ते 'सर्किट कन्स्ट्रक्शन किट'. वायर, बॅटरी, दिवा, स्विच ओढून आणायचे आणि जोडायचे. सर्किट पुरं झालं की वायरमधून निळे इलेक्ट्रॉन सरकायला लागतात. पहिल्या दिवशी मागच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी मुलगी ओरडली, "बाई, दिवा लागना!" आमच्या अहिराणीत म्हणजे, दिवा लागला. पाच मिनिटांत तिनं बॅटरीची दोन टोकं नुसत्या वायरनं जोडली आणि बॅटरीनं पेट घेतला. सगळा वर्ग एका आवाजात, "डीपी जयनी!" म्हणजे, शेतावरची विजेची डीपी जळाली. शॉर्टसर्किट म्हणजे काय, हे शेतावरच्या मोटारी बघत वाढलेल्या पोरांना मी वेगळं सांगितलं नाही. 'विद्युतधारा' म्हटलं की कोरे होणारे चेहरे 'करंट' म्हटलं की खुलतात, तिथून पुस्तकातल्या शब्दाकडे यायला वेळ लागत नाही.

पुस्तकातलं एक वाक्य मुलं वर्षानुवर्षं नुसती घोकतात: विद्युतधारेची सांकेतिक दिशा इलेक्ट्रॉनच्या वहनाच्या उलट असते. इथे एक बटण आहे. इलेक्ट्रॉनऐवजी सांकेतिक धारा निवडली की निळे ठिपके जाऊन बाण येतात, तेही उलट्या दिशेनं. मुलं ते बटण दहा वेळा दाबतात, आणि मी दाबू देते. मग एकसर आणि समांतर जोडणी. दोन दिवे एकसर लावले की मंद होतात, एक काढला की दुसराही जातो. "गणपतीच्या माळेसारखं," असं मुलंच म्हणाली. मग घरातला एक बल्ब गेला तर बाकीचे चालू कसे राहतात, हा प्रश्नही त्यांचाच होता. त्या दिवशीचा तास मी आखलेला नव्हता.

मराठीबद्दल सांगते. बरेच प्रयोग मराठीत मिळतात, सगळे नाहीत. 'जावा' हे वेगळं सॉफ्टवेअर लागणारे काही जुने आहेत, त्यांच्या नादी लागू नका, थेट ब्राउझरमध्ये चालणारे, एचटीएमएल५ चेच घ्या. भाषांतर स्वयंसेवक करतात, नाव नोंदवून आपणही करू शकतो. शब्द बालभारतीच्या पुस्तकातलेच असावेत असं मला फार वाटतं, त्यामुळे या दिवाळीच्या सुट्टीत मी त्यातलं एखादं काम अंगावर घेणार आहे.

आणि एक, पडद्यावरच्या दिव्यावर थांबू नका. मी दुसऱ्या दिवशी खरे सेल, टॉर्चचे बल्ब आणि वायर घेऊन जाते. गंजलेलं टोक, सैल जोड, संपत आलेला सेल, हे सगळं तिथेच भेटतं. वायर सोलताना मुलांची बोटं अडखळतात आणि तेही शिकणंच आहे.

आमचे सहा संगणक जुने, विंडोज त्यांच्यावर रडतखडत चालायचं. आता सगळ्यांवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट या प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती आहे, तीही मोफत. २ जीबी रॅमवर ती चालते, पण ४ असेल तर जीव रमतो. जळगावच्या गोलाणी मार्केटमधून मी वापरलेली रॅम आणून घातली. प्रश्नपत्रिका लिबरऑफिसमध्ये, मुक्ता फॉण्टात. पूर्वीच्या फॉण्टातली फाईल दुसऱ्या मशीनवर उघडली की किडे-मुंग्या दिसायच्या, मुक्ता युनिकोडचा, म्हणजे सगळ्या मशीनवर अक्षरं सारखीच ओळखली जाणाऱ्या पद्धतीचा, त्यामुळे ते थांबलं.

तालुक्यातल्या कुणा गुरुजींना, बाईंना हवं असेल तर ८ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन आपल्या केंद्राच्या, म्हणजे शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेला या. मिंट आणि फेटचे मी निवडलेले प्रयोग, दोन्ही त्यात मावतात. तिथेच भरून देते.