टेसर १० : हातात सुरा असलेल्या माणसासमोर ते किती कामाचं?

पोलिसांच्या गोळीनं कुणी मेलं की दोन प्रश्न ठरलेले असतात. पायावर का नाही मारली? आणि विजेचा झटका देणारं ते यंत्र का नाही वापरलं? पहिल्याचं उत्तर लवकर देता येतं. अंगावर धावून येणाऱ्याचा पाय हे बारीक आणि सतत हलणारं लक्ष्य आहे. नेम चुकला तर गोळी मागच्या कुणाला तरी लागते. नेम बसला आणि मांडीतली मोठी रोहिणी फाटली, तर काही मिनिटांत माणूस रक्तस्रावानं जातो. म्हणून गोळी कुठेही झाडली तरी ते प्राणघातक बळच मानायचं. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र यंत्राच्या आत शिरावं लागतं.

यंत्र आहे अ‍ॅक्सॉन कंपनीचं टेसर १०. कंपनी अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यातली, २०१७ पर्यंत टेसर इंटरनॅशनल या नावानं चालणारी. हे मॉडेल तिनं जानेवारी २०२३ मध्ये आणलं आणि त्याची जाहिरात पोलिसांच्या गोळीबारातले मृत्यू कमी करणारं साधन म्हणूनच होते. आमचं मत आधीच सांगतो: आजवरच्या टेसरांत हे सर्वांत चांगलं आहे, पण पिस्तुलाची जागा ते घेत नाही. अंतर, आडोसा आणि मागे सज्ज असलेला दुसरा पोलीस या तिन्ही गोष्टी असतील तर ते जीव वाचवतं. त्या नसतील तर सुरेवाल्या माणसासमोर ते बाहेर काढणं धोक्याचं आहे, पोलिसाला आणि त्या माणसालाही.

टेसरमधून तारेला जोडलेले काटे सुटतात. दोन काटे अंगात रुतले की त्यांच्यामधल्या स्नायूंतून वीज जाते आणि स्नायू आखडतात. माणूस शुद्धीवर असतो, पण हातपाय त्याचं ऐकत नाहीत. सगळं अवलंबून असतं दोन काट्यांमधल्या अंतरावर. ते साधारण ३० सेंटीमीटर तरी हवं. काटे जवळजवळ बसले तर आखडणारा स्नायूंचा भाग लहान राहतो. वेदना होते, पण सुरा धरलेली मूठ सुटत नाही.

आधीच्या टेसर ७ मध्ये एका काडतुसातून दोन काटे एकदम सुटायचे, ठरलेल्या कोनात. जवळच्या माऱ्याचं काडतूस १२ अंशांचं, लांबच्या माऱ्याचं ३.५ अंशांचं. हिशेब करून बघा. लांबचं काडतूस दीड मीटरवरून मारलं तर काट्यांत जेमतेम ९ सेंटीमीटर अंतर पडतं, म्हणजे फक्त वेदना. जवळचं काडतूस सहा मीटरवरून मारलं तर तेच अंतर सव्वा मीटरच्या पुढे जातं, म्हणजे एक काटा बहुधा अंगाबाहेरून निघून जातो. समोरचा माणूस पुढे-मागे होत असताना कोणतं काडतूस कधी वापरायचं हे पोलिसानं क्षणात ठरवायचं, अशी ती अपेक्षा होती. बरीच अपयशं इथेच घडत.

टेसर १० मध्ये हा कोनच काढून टाकला आहे. दहा काटे, प्रत्येक स्वतंत्र. एकदा ट्रिगर दाबला की एक काटा सुटतो, लेसरचा ठिपका जिथे आहे तिथे जातो. पहिला काटा पोटाच्या खालच्या भागात आणि दुसरा मांडीत मारला, तर हवं ते अंतर कुठूनही साधता येतं. पल्ला १३.७ मीटर, आधीच्या मॉडेलच्या जवळजवळ दुप्पट. एक काटा हुकला तर पुढचा तयार असतो, काडतूस बदलावं लागत नाही. या यंत्रातली खरी सुधारणा हीच आहे आणि ती मोठी आहे.

पण तिची किंमत वेळेत मोजावी लागते. आता एकाऐवजी दोन वेळा नेम धरायचा, दोन्ही काटे लागले का ते बघायचं आणि मगच पुढचं ठरवायचं. याच्या शेजारी एक जुना आकडा ठेवा. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये मांडलं की धडधाकट माणूस २१ फूट, म्हणजे ६.४ मीटर अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. पुढे लोकांनी याला नियमच करून टाकलं, जणू २१ फुटांच्या आत सुरा दिसला की गोळी झाडायची मुभाच. तसा कायदा नाही आणि ट्यूलर यांच्या मूळ मांडणीचा हेतूही तो नव्हता. त्यातून घ्यायचं ते एवढंच: तेवढ्या अंतरावर मोकळ्या जागेत उभं राहू नका. गाडीचं दार, कठडा, टेबल, काहीही मध्ये आणा. मागे सरका. दीड सेकंदाचे पाच झाले, तर टेसर १० ला काम करायला जागा मिळते.

कपड्यांचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. जुनी मॉडेलं ५०,००० व्होल्टच्या ठिणगीनं कापड आणि कातडीमधली थोडी फट ओलांडायची. टेसर १० चा दाब १,००० व्होल्टच्या आत ठेवला आहे. स्नायू आखडायला एवढा दाब पुरतो, पण हवेतली फट तो ओलांडत नाही. म्हणून काटा प्रत्यक्ष अंगात रुतावा लागतो आणि त्यासाठी त्याचा वेग वाढवला आहे. तरीही ढगळ, जाड कोट असेल तर काटा कापडात लोंबकळत राहू शकतो. थंड प्रदेशातल्या पोलिसांना हे अनुभवानं माहीत असतं. मुंबईच्या उकाड्यात ही अडचण कमी, हेही खरंच.

अंगाला टेकवून चटका द्यायची जुनी सोय या मॉडेलमध्ये नाही. ती काढली हे फार चांगलं झालं. त्या चटक्यानं स्नायू आखडत नव्हते, नुसती वेदना व्हायची. ताब्यात आलेल्या, बेड्या घातलेल्या माणसांवर त्याचा गैरवापर होण्याचा धोका सर्वांत जास्त होता. त्याऐवजी आता मोठा आवाज आणि लुकलुकणारा प्रखर दिवा यांचा इशारा आहे. काही माणसं एवढ्यानंच हत्यार टाकतात, आणि काटा न मारता सुटलेला प्रसंग हाच सर्वांत चांगला.

आता यशाचं प्रमाण. कंपनी वर्षानुवर्षं ८० टक्के आणि त्याहून वरचे दावे करत आली. एपीएम रिपोर्ट्स या अमेरिकी शोधपत्रकारितेच्या गटानं २०१९ मध्ये मोठ्या शहरांच्या पोलीस खात्यांच्याच नोंदी तपासल्या. न्यू यॉर्कमध्ये ते प्रमाण ७७ टक्क्यांच्या आसपास निघालं, लॉस एंजेलिसमध्ये ५७. त्याहून महत्त्वाचा आकडा असा की २०१५ ते २०१७ या तीन वर्षांत २५० हून अधिक प्राणघातक गोळीबारांत आधी टेसर वापरलं गेलं होतं आणि ते चाललं नव्हतं. हे आकडे टेसर १० च्या आधीचे आहेत. पण त्यातून दिसणारी साखळी यंत्र बदलल्यानं तुटत नाही. टेसरचा पल्ला पिस्तुलापेक्षा कमी, म्हणून पोलीस पुढे सरकतो. काटे नीट बसत नाहीत. माणूस वेदनेनं बिथरतो किंवा झेप घेतो. आता दोघांत दोन-तीन मीटर उरलेले असतात आणि पिस्तुलाशिवाय दुसरं काही हाती राहत नाही. गोळी झाडली त्या क्षणी जिवाला धोका होता, हे खरं असतं. तो धोका अंतर घालवल्यामुळे तयार झाला, हेही तितकंच खरं असतं.

गोळी समर्थनीय होती का, हा प्रश्न इथेच येतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८५ च्या टेनेसी विरुद्ध गार्नर निकालात सांगितलं की माणूस केवळ पळतोय म्हणून त्याला ठार मारता येणार नाही, त्याच्यापासून गंभीर धोका असायला हवा. १९८९ च्या ग्रॅहम विरुद्ध कॉनर निकालानं कसोटी दिली ती ‘त्या जागी असलेल्या वाजवी पोलिसाला काय वाटलं असतं’ याची. ती बहुतेक वेळा शेवटच्या दोन सेकंदांवर लावली जाते, त्याआधीची दहा मिनिटं बाजूला राहतात. कॅलिफोर्नियानं १ जानेवारी २०२० पासून कायदा बदलून प्राणघातक बळ ‘आवश्यक’ असण्याची अट घातली आणि गोळीबाराआधीचं पोलिसाचं वागणंही तपासात आणलं. आमच्या मते हीच बाजू बरोबर आहे. सुरा घेऊन समोरचा कुणावर तरी झेपावतो आहे, तेव्हा गोळी समर्थनीयच. तिथे टेसरची वाट पाहायला सांगणं म्हणजे ज्याच्यावर तो झेपावतोय त्याचा जीव पणाला लावणं. पण बंद खोलीत एकटा सुरा धरून बसलेल्या माणसाला घाईनं गाठायचं आणि मग जिवाला धोका होता म्हणायचं, याचं समर्थन करता येत नाही.

टेसरनं मृत्यू होत नाही, असाही समज आहे. इंग्लंडमधल्या टेलफर्डला १५ ऑगस्ट २०१६ रोजी माजी फुटबॉलपटू डेलियन अ‍ॅटकिन्सन यांच्यावर ३३ सेकंद सलग वीज सोडली गेली आणि नंतर डोक्यात लाथा मारल्या गेल्या. ते दगावले. २०२१ मध्ये त्या पोलिसाला सदोष मनुष्यवधासाठी आठ वर्षांची शिक्षा झाली. ट्रिगर दाबल्यावर वीज चालते ती नेहमीची फेरी पाच सेकंदांची असते, आणि अमेरिकेतल्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांनी एकूण पंधरा सेकंदांची मर्यादा सांगितली आहे. ऑस्ट्रेलियातल्या कूमा गावी मे २०२३ मध्ये वृद्धाश्रमातल्या ९५ वर्षांच्या क्लेअर नाउलंड यांच्यावर टेसर चालवलं गेलं. त्या वॉकरच्या आधारानं चालत होत्या, हातात जेवणातला सुरा होता. त्या पडल्या, डोक्याला मार लागला आणि गेल्या. कायद्याच्या भाषेत त्याही ‘सशस्त्र’ होत्या. हत्यार आहे की नाही यापेक्षा ते घेऊन समोरचा काय करू शकतो, हे बघायचं असतं.

उंचावर, पायऱ्यांवर किंवा पाण्याजवळ असलेल्या माणसावर हे चालवू नये, कारण आखडलेला माणूस हात टेकून स्वतःला सावरू शकत नाही. छाती टाळावी, कंपनीनं स्वतःच २००९ मध्ये तसा सल्ला दिला. पेट्रोल किंवा अल्कोहोलचा सॅनिटायझर अंगावर असेल तर भडका उडू शकतो. न्यू यॉर्क राज्यातल्या कॅट्स्किलच्या पोलीस ठाण्यात २०२१ मध्ये तसं घडलं आणि तो माणूस पुढे दगावला.

आणि अदलाबदल. ११ एप्रिल २०२१ रोजी मिनेसोटातल्या ब्रुकलिन सेंटरला अनुभवी पोलीस अधिकारी किम पॉटर यांनी ‘टेसर’ असं ओरडत पिस्तूल चालवलं आणि डाँटे राइट हा वीस वर्षांचा तरुण मेला. टेसर पिवळं होतं, कमरेच्या दुसऱ्या बाजूला होतं, तरी हे झालं. हजार वेळा पिस्तूल काढायचा सराव आणि टेसरचा वर्षाकाठी एखादा, अशी विभागणी असेल तर ताणाच्या क्षणी हात सवयीच्या बाजूलाच जातो. डाव्या बाजूचं होल्स्टर, डाव्याच हातानं काढणं आणि दोन्ही हत्यारं आलटून पालटून काढण्याचा सराव, याला पर्याय नाही.

महाराष्ट्रासारख्या राज्यानं हे घ्यावं का? लाठी आणि बंदूक यांच्या मधली जागा आपल्या पोलिसांकडे बरीचशी मोकळी आहे, हे मान्य. पण यंत्र घेणं हा खर्चाचा लहान भाग आहे. काटे एकदाच वापरता येतात, म्हणून सरावाचे काटे, बॅटऱ्या आणि माहिती उतरवून घेणारा डॉक हे सगळं पाच वर्षांच्या करारात आधीच मोजलं पाहिजे. सरावाचे काटे वगळून केलेली खरेदी करूच नये. पथकही ठरलेलं हवं: एक बोलणारा, एक टेसरवाला, एक पिस्तूल घेऊन आडोशाला, एक ताबा घेणारा. वीज सुरू असतानाच बेडी घालायची असते. पाच सेकंद संपले की माणूस लगेच पूर्ववत हालचाल करू लागतो, आणि ताबा घेणारा तयार नसल्यामुळे फेरी वाया जाते.

आपल्याकडे या यंत्राचा एक गुण फारसा बोलला जात नाही, तो म्हणजे त्याची नोंदवही. ट्रिगर कधी दाबला, वीज किती सेकंद गेली, सगळं यंत्रात साठतं, आणि जोडणी केली असेल तर अंगावरचा कॅमेराही आपोआप सुरू होतो. मुंबईतल्या चकमकींवरून पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेनं उभ्या केलेल्या पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २३ सप्टेंबर २०१४ रोजी सोळा सूचना दिल्या. गुन्हा नोंदवा, तपास सीआयडी किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे द्या, दंडाधिकाऱ्यांची चौकशी करा, पोलिसांनी हत्यारं तपासणीसाठी जमा करा, घटनेनंतर लगेच बढती किंवा शौर्यपदक देऊ नका. अशा तपासात ‘आधी इशारा दिला होता’ हे वाक्य सेकंदासह पडताळता आलं तर खरं बोलणाऱ्या पोलिसाचंही रक्षण होतं. मात्र ती नोंद त्याच ठाण्याच्या संगणकावर उतरवायची नाही. यंत्र घटनास्थळीच सीलबंद करून तपास पथकाकडे द्यायचं, ही अट खरेदीच्या कागदपत्रांतच लिहून घ्यावी.