मकिता एसपी ६००० ट्रॅक सॉ: जाड लाकडात भरवसा कुठवर?

ट्रॅक सॉ म्हणजे पटरीवर सरकवत सरळ काप घ्यायची विजेची करवत. प्लाय आणि ब्लॉकबोर्डसाठी हे मशीन उत्तम आहे, त्यावर जास्त लिहायला नको. सांगली-साताऱ्याकडच्या सुताराला खरी अडचण येते ती दोन इंची सागवानी फळी आणि दाराच्या चौकटीची.

मोटर १३०० वॉटची, पातं १६५ मिमीचं. सरळ कापाची खोली ५६ मिमी, ४५ अंशात ४०. म्हणजे दोन इंची फळी (५१ मिमी) एका बाजूने जेमतेम निघते, तीन इंची चौकट निघत नाही. पटरीवर मशीन ठेवून पातं प्रत्यक्षात किती खाली येतं ते पट्टीने मोजूनच खोली लावा. फळीखाली २-३ मिमी पातं दिसलं की पुरे.

जाड लाकडाच्या दृष्टीने याची मोठी उणीव म्हणजे पात्यामागे रायव्हिंग नाइफ, म्हणजे कापलेली फट उघडी धरणारी पट्टी, नाही. पाटण-महाबळेश्वरकडच्या दमट हवेत राहिलेलं, नीट न वाळलेलं लाकूड कापताना फट मिटत येते, पातं आवळलं जातं आणि मशीन झटक्यात अंगावर येतं. म्हणून फळीच्या दोन्ही भागांना खालून आधार द्या, काप फूटभर पुढे गेला की मशीन बंद करून पातं थांबू द्या आणि मागच्या फटीत लाकडी पाचर हलकेच बसवा. पातं फिरत असताना मशीन मागे ओढायचं नाही. पात्याच्या सरळ रेषेत मागे उभं राहायचं नाही.

प्लायचं ४८ दात्यांचं पातं इथे चालत नाही: भुसा बाहेर पडत नाही, लाकूड करपतं, मोटर दमते. शिरेच्या दिशेने (लाकडाच्या रेषांच्या लांबीत) चिरायला १२ ते २४ दाते हवेत. पहिला काप २-३ मिमीचा, त्याने कड फुटत नाही. दुसरा २५ मिमीचा, तिसरा पूर्ण. पटरी नुसत्या तिच्या खालच्या रबरी पट्टीच्या भरवशावर सोडू नका, दोन्ही टोकांना क्लॅम्प लावा. फळी पटरीपेक्षा अरुंद असेल तर शेजारी तेवढ्याच जाडीची दुसरी फळी ठेवा, नाहीतर पटरी कलते.

तीन इंची चौकट कापायचीच असेल तर गुण्याने (काटकोनी पट्टीने) चारही अंगांवर रेघ फिरवा आणि दोन्ही बाजूंनी ४०-४० मिमी कापा. पातं अर्धा अंश जरी कललं असलं तरी चौकटीच्या मध्यावर, म्हणजे ३८ मिमी खोलीत, ०.३३ मिमीचा फरक पडतो आणि मध्ये उंचवटा राहतो. तो रंध्याने काढावा लागतो. त्यामुळे आधी भंगार तुकड्यावर काप घेऊन काटकोन तपासा. रोजच चौकटी करणाऱ्याने मात्र हे मशीन त्यासाठी घेऊ नये, मोठ्या पात्याचं घ्यावं.

तिरक्या कापात मशीन पटरीवरून उलटू नये म्हणून असलेली खिट्टी फार उपयोगी आहे, ती न विसरता लावा. सागवानातल्या सिलिकामुळे धार लवकर जाते. ढकलायला जोर लागू लागला की पातं धारेला द्या.