सौर अनुदानाचा निधी: एकच दर की उतरता दर? नाशिकसाठी तुलनात्मक आढावा

गच्चीवरील सौर संचांसाठी केंद्राच्या अनुदानात स्वतःची भर घालण्याचा विचार नाशिक महापालिकेने केला, तर रक्कम किती द्यायची याच्याही आधी ती कोणत्या पद्धतीने वाटायची याचा निर्णय घ्यावा लागेल. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे एका घराला जास्तीत जास्त ७८,००० रुपये मिळतात. पालिकेची भर त्यापुढे लहानच असणार. म्हणून ती खात्रीने मिळेल हा विश्वास तिच्या आकाराहून महत्त्वाचा आहे.

पहिली पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. अंदाजपत्रकात ठरावीक तरतूद करायची, प्रति किलोवॅट एकच दर जाहीर करायचा आणि तरतूद संपेपर्यंत अर्जांच्या क्रमाने पैसे द्यायचे. ती समजायला आणि लेखापरीक्षणाला सोपी आहे, हे मान्य करायला हवे. मात्र मागणी वाढली की निधी मध्येच आटतो आणि योजना बंद पडते. लॉस एंजेलिस शहराच्या स्वतःच्या पाणी व वीज विभागावर २०११ मध्ये हीच वेळ आली होती. उपलब्ध निधीपेक्षा अर्ज जास्त आल्याने त्यांना सौर अनुदान काही महिने थांबवावे लागले आणि त्याच वर्षी कमी दराने पुन्हा सुरू करावे लागले. अशा खंडात खरे नुकसान होते ते संच बसवणाऱ्या छोट्या व्यावसायिकांचे, कारण ‘थोडे थांबू, अनुदान परत येईल’ असे म्हणत ग्राहक कामच पुढे ढकलतात. आपल्याकडे यात मार्चअखेरची भर पडते: पैसे उरले तर अखर्चित राहतात आणि मंजुऱ्या जास्त झाल्या तर पुढच्या वर्षावर स्पिलओव्हरचा, म्हणजे आधीच्या वर्षाच्या राहिलेल्या देण्यांचा बोजा पडतो.

दुसरी पद्धत उतरत्या दराची. कॅलिफोर्नियात २००७ पासून राबवलेल्या ‘कॅलिफोर्निया सोलर इनिशिएटिव्ह’मध्ये दहा टप्पे होते. ठरलेली मेगावॅट क्षमता नोंदली गेली की दर आपोआप खालच्या टप्प्यावर येई. घरगुती ग्राहकांसाठी प्रति वॅट अडीच डॉलरपासून सुरू झालेला दर अखेरीस वीस सेंटपर्यंत उतरला. कोणत्या टप्प्यात किती क्षमता शिल्लक आहे हे सर्वांना उघड दिसत असल्याने दरातली घट कोणावर अचानक कोसळत नसे. तिथल्या २००६ च्या कायद्याने शहरांच्या मालकीच्या वीजसंस्थांनाही अनुदान दरवर्षी सरासरी किमान सात टक्क्यांनी घटवण्याचे बंधन घातले होते.

दोन्ही पद्धती आकड्यांत मांडून पाहू. समजा, तरतूद दोन कोटींची आहे. प्रति किलोवॅट १०,००० रुपयांच्या एकाच दराने २,००० किलोवॅट होतील. त्याऐवजी पहिल्या ५०० किलोवॅटना १४,०००, पुढच्या ५०० ना ११,०००, त्यापुढच्या ५०० ना ८,००० आणि उरलेल्यांना ५,००० असा दर ठेवला, तर त्याच पैशांत २,२०० किलोवॅट बसतात. सुरुवातीला धाडस करणाऱ्याला जास्त मिळते आणि शेजाऱ्याचे वीजबिल कमी झालेले पाहून येणाऱ्याला कमी रकमेतही संच परवडतो. केवळ या दहा टक्के वाढीसाठी मी ही पद्धत सुचवत नाही. मागणी कितीही वाढली तरी पुढचा दर आधीच ठरलेला असतो, हा तिचा मोठा गुण आहे.

मात्र कॅलिफोर्नियाचा नमुना जसाच्या तसा इथे आणता येणार नाही. तिथे पैसा वीजग्राहकांच्या बिलांतून येत होता. नाशिकला वीज महावितरण पुरवते, तिचे दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो आणि पालिकेला वीजबिलातून स्वतंत्र निधी उभारता येत नाही. निधी पालिकेच्या अंदाजपत्रकातूनच येणार, आणि २०२७ च्या सिंहस्थाची कामे त्याच अंदाजपत्रकावर उभी आहेत. म्हणून टप्प्यांचे वेळापत्रक वर्षाच्या तरतुदीशी बांधलेले असावे आणि खर्च अर्ज मंजूर होतानाच दायित्व म्हणून नोंदवावा. पैसे नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारा मीटर, बसल्यावर द्यावेत. परंतु मंजुरीनंतर ठरलेल्या मुदतीत संच बसला नाही तर नोंद रद्द होऊन ती क्षमता यादीत परत यावी. ही अट नसेल तर कागदावर टप्पे भरतात आणि गच्च्या रिकाम्याच राहतात.

उतरत्या दरावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मला पटतो. पहिल्या टप्प्याचा जास्तीचा लाभ गंगापूर रोड, कॉलेज रोडसारख्या भागांतील स्वतंत्र बंगलेधारक सहज घेतील. सिडकोतील फ्लॅटधारकांच्या सोसायटीला सर्वसाधारण सभेचा ठराव करता करता दर दोन पायऱ्या खाली गेलेला असेल. केंद्राच्या योजनेत सोसायट्यांच्या सामायिक वापरासाठी प्रति किलोवॅट १८,००० रुपये मिळतात, तेव्हा त्यांच्यासाठी निधीचा निराळा हिस्सा ठेवून त्याचा दर निदान पहिले वर्ष स्थिर ठेवणे न्याय्य ठरेल.

घरपट्टीत सूट हा तिसरा मार्गही सुचवला जातो. त्यात रोख रक्कम द्यावी लागत नाही, पण लहान घराची घरपट्टी मुळातच कमी असल्याने ज्याला आधाराची गरज जास्त, त्याच्या पदरात सर्वांत कमी पडते.

उतरत्या दरासाठी मंजूर, प्रलंबित आणि रद्द क्षमतेचा हिशेब रोज अद्ययावत ठेवून संकेतस्थळावर दाखवावा लागतो. विद्युत विभागाकडे त्यासाठी माणसे नसतील, तर एकच दर ठेवून वर्षाची तरतूद चार तिमाहींत विभागावी आणि एका तिमाहीत न बसलेले अर्ज त्याच क्रमाने पुढच्या तिमाहीत घ्यावेत.